काखेतली बॅटरी

ओशुनाई स्टेशनच्या संडासाचं दार हात्सुएनं उघडलं आणि ती दोन पावलं मागं सरली.

"शी! शी शी शी! अगं आई गं!"

भांडं काठोकाठ भरलेलं होतं आणि भरलेलं सगळं दगडासारखं गोठलेलं होतं. रात्रीतून किती जण येऊन बसले होते कोण जाणे. एकानं पाणी सोडायला खटका दाबला असेल, पाणी आलं नाही, तसाच गेला असेल. दुसऱ्यानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि तरी तो वर बसलाच. तिसऱ्यानं भांड्याचा नाद सोडून सरळ कोपरा गाठला होता. आणि या सगळ्याच्या डोक्यावर कुणीतरी शेवयांचा रिकामा कागदी पेला नीट, सरळ, जपून ठेवला होता.

स्टेशनमास्तर कंपनीनं केव्हाच काढून नेला होता. तेव्हापासून हा संडास गावातल्या बायकाच पाळीपाळीनं धुवायच्या. आज ओशुनाईच्या मार्गावरून शेवटची गाडी जायची होती, उद्यापासून रूळ गंजायला मोकळे. शेवटच्या दिवशी चार पाहुणे येतील, त्यांना आपलं स्टेशन घाण दिसू नये म्हणून हात्सुए पाळी नसताना सकाळी सकाळी बादली आणि ब्रश घेऊन आली होती. पाहुणे रात्रीच आले होते, आणि आपली खूण ठेवून गेले होते.

पण पाणी का गोठलं? होक्काइडोच्या थंडीत नळाचा पाइप गोठू नये म्हणून त्याला गरम राहणारी वायर गुंडाळलेली असते; ती थंडीभर चालू असते. हात्सुएनं वाकून पाहिलं. वायरीचा प्लग कुणीतरी उपटून खाली सोडून दिला होता. त्या जागी एक्स्टेंशनची एक पांढरी पट्टी खोचलेली होती, आणि पट्टीवर ओळीनं कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांचे चार्जर. काही हिरवे लुकलुकत होते, काही नारिंगी. घाणीच्या राज्यात नुसती दिवाळी मांडल्यासारखं दिसत होतं ते.

हात्सुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पट्टी उपटली, पाइपाचा प्लग परत खोचला आणि चार्जरचं ते लटांबर उचलून बाहेर बाकावर आपटलं.

"ए आजी! माझ्या चार्जरला हात कोणी लावला?"

पिवळ्या जाकिटातला एक चाळिशीचा गडी धावत येत होता. पोट पुढं, टोपीवर रेल्वेचे बिल्ले, गळ्यात दोरीनं बांधलेला लोकरी मोजा लोंबत होता. पुढं कळलं, त्याचं नाव नुमाजिरी.

"मी लावला. आणि आजी कुणाला म्हणतोस रे? वहिनी म्हणायचं वय आहे तुझं."

"अहो, दोन बॅटऱ्या अर्ध्याच भरल्यात! आज शेवटचा दिवस आहे, कळतंय का तुम्हाला?"

"मला कळतंय. तुला हे कळतंय का?" हात्सुएनं ब्रशानं आत दाखवलं.

त्यानं डोकावलं आणि तोंड फिरवलं. "ते मी नाही केलं."

"तू प्लग काढलास, म्हणून पाणी गोठलं. पाणी गोठलं म्हणून हे झालं."

"एवढ्या एका प्लगनं काय होतंय हो?"

"एवढ्या एका प्लगनं हे होतंय! ये की, लाजतोस काय, जवळ ये, वास घे."

"गोठलंय सगळं. वास कुठंय?"

"थांब, आता गरम पाणी ओतणार आहे मी. येईल."

नुमाजिरीनं चार्जर कवटाळले आणि पळ काढला. जाता जाता एकेक बॅटरी त्या लोकरी मोज्यात घालून मोजा जाकिटाच्या आत, पोटाशी सरकवत होता. बॅटऱ्यांना किती जपत होता मेला! त्याच्या आईलाही त्यानं कधी इतकं पोटाशी धरलं नसेल. हात्सुएनं रुमाल नाकाला बांधला आणि ती आत शिरली.

खरं म्हणजे तिलाही आज एक फोटो काढायचा होता. एकच. गाडीचा नाही, गाडी गेली खड्ड्यात. तिला फोटो हवा होता इसाकुचा, तिच्या नवऱ्याचा. तो गेली कित्येक वर्षं त्याच मार्गावर ती एका डब्याची गाडी चालवत होता, आणि आज शेवटची फेरी त्याच्याच वाट्याला आली होती. गणवेश, टोपी, पांढरे हातमोजे, छातीवरचा बिल्ला, सगळं आज संध्याकाळी डेपोत जमा करायचं होतं. कंपनी ते मोजून घेणार आणि फाडून टाकणार; नाहीतर गाड्यांचे फोटो काढत हिंडणारी हीच कॅमेरावाली जमात ते कुठूनतरी मिळवून आपसांत विकत बसते. म्हणजे गणवेशातला इसाकु आज संध्याकाळपर्यंतच होता.

आणि गणवेशातला त्याचा एकही फोटो घरात नव्हता. कंपनीचा नियम आडवा यायचा, त्याहून जास्त त्याचा स्वभाव. साधा फोटो काढायला उभा केला की हा माणूस नेमका डोळे मिटायचा. मुलीच्या लग्नातसुद्धा सगळे हसतायत आणि बाप उभ्या उभ्या झोपलाय. गाडी चालवताना मात्र त्याची पापणी लवत नसे. तेव्हा त्याचा खरा चेहरा फक्त त्या काचेमागं दिसायचा, असं हात्सुएचं ठाम मत होतं.

तिला फोटोची एवढी घाई का, तर सासऱ्यांमुळं. सासरेही रेल्वेतलेच. ते गेले तेव्हा अंत्यविधीत मांडायला घरात त्यांचा धड फोटो सापडला नाही. सापडला तो सहलीतला, गरम पाण्याच्या कुंडावर दारू पिऊन मित्राच्या खांद्यावर कललेला. अंत्यविधीवाल्यांनी त्यातलं मुंडकं कापलं आणि कुठल्यातरी तयार काळ्या किमोनोवर चिकटवलं. मान वाकडी, कान लालबुंद, डोळे जड, आणि खाली हा कडक इस्त्रीचा किमोनो! देव्हाऱ्याशेजारी तो फोटो लागला तो लागलाच. रोज सकाळी त्याच्यापुढं भात ठेवताना हात्सुएला शिसारी यायची. भलत्याच्याच धडावर बसलेलं ते झिंगलेलं डोकं आपल्याकडं बघतंय असं वाटायचं. इसाकुचं असं होऊ द्यायचं नाही, हे तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं.

सकाळी तो निघाला तेव्हा ती म्हणाली होती, "मी येणार आहे हो, शेताजवळच्या वळणावर."

"कशाला? गर्दीत तुडवतील." आणि मग नेहमीसारखं हातमोज्यातलं बोट ताठ करून तो घरभर फिरला. "शेगडी बंद, ठीक! डबा, ठीक! किल्ली, ठीक!" गाडी चालवताना सिग्नल दिसला की बोट दाखवून जे दिसलं ते मोठ्यानं म्हणायचं, अशी रेल्वेवाल्यांची शिस्त, म्हणजे नजर चुकत नाही, मन भरकटत नाही. पण या माणसाची ती शिस्त नोकरीत मावली नव्हती. न्हाणीघराचा दिवा, गॅसचा नळ, मांजराची वाटी, कशालाच त्याचं बोट चुकलं नव्हतं.

"अहो, घर आहे हे, इंजिन नाही," हात्सुए रोज म्हणायची. आजही म्हणाली.

संडास उरकून तिनं हात कोपरापर्यंत घासले, तरी वास नाकातून जाईना. घरी येऊन तिनं कॅमेरा घेतला. मुलगी चिनात्सु सापोरोला राहायला गेली तेव्हा मागं टाकून गेलेला तो छोटा, चंदेरी कॅमेरा. जुना झाला होता, पण चेहरा छान टिपायचा. त्याची बॅटरी म्हणजे मात्र नुसता ताप. खूण पूर्ण भरल्याची दाखवायची आणि दोन फोटो काढले की मान टाकायची. त्या जातीच्या बॅटऱ्या कंपनीनं बनवणंच बंद केलं होतं. शेवटी टपालानं एक नकली बॅटरी मागवली होती, ती जरा पोट सुटलेली, खाचेत जाताना अडकायची. दोन्ही बॅटऱ्या रात्रभर भरून ठेवल्या होत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या विजेवर.

थंडीत बॅटरी मरते एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून पोट सुटलेली बॅटरी तिनं वेगळी ठेवली आणि सोबत कायरोची एक पुडी, म्हणजे पाकिटातून काढून हलवली की आपोआप तापते ती अंग शेकायची पुडी. दोन्ही एका झिपच्या पिशवीत घातली, आतली हवा दाबून काढली, झिप गच्च लावली. हात्सुएच्या घरात हवाबंद केल्याशिवाय काही ठेवलं जात नसे. भाताच्या गोळ्यांना लावायचं शेवाळ असो की बिस्किटं, हवा लागली की बिघडलंच. बॅटरीला तरी बाहेरचं वारं कशाला लागू द्यायचं?

वळणावर पोचली तर काय, सगळं शेत माणसांनी भरलेलं. साकागुचींचं बीटाचं शेत ते. बर्फाखाली पुरलेल्या कुंपणाच्या खुंट्या कुणीतरी उपटून शेकोटीला घातल्या होत्या. रुळाकडेचं कोवळं बर्चचं झाड रात्रीतून करवतीनं कापलेलं. का, तर चौकटीत आडवं येत होतं म्हणे! बर्फावर जागोजाग पिवळी भोकं. ट्रायपॉड आदल्या दिवसापासून रोवलेले, पायांना मालकांच्या नावाच्या चिकटपट्ट्या, आणि मागं छोट्या शिड्यांवर चढलेले पुरुषच पुरुष. हात्सुए वाकून सगळ्यांच्या पुढं, रुळापासून चांगली दूर, बर्फात उकिडवी बसली. डोक्याला तिनं शेतात बांधायचा गुलाबी फडका बांधला होता.

"ओ! गुलाबी! खाली बसा!"

"बसलेच आहे!"

"आणखी खाली!"

"आता काय पुरून घेऊ का स्वतःला?"

"ती संडासवाली आजी आहे," मागून ओळखीचा आवाज आला. नुमाजिरी शिडीवर होता. "हिनंच माझे चार्जर काढले. माझ्या दोन बॅटऱ्या अर्ध्या राहिल्या हिच्यामुळं."

गर्दीतून एक सुस्कारा उमटला. कुणाच्या घरी मयत झाल्यावर उमटावा तसा! आणि मग जी बोलणी सुरू झाली ती थांबेचनात. याचा नवा कॅमेरा बॅटरी कशी पाण्यासारखी पितो, त्याचा जुना कसा दिवसभर पुरायचा, पडदा मंद ठेवा, मध्येच बंद करून चालू करू नका, त्यानंच जास्त खातो. एकाची दुसऱ्याला चालेल तर शपथ. गाडी, गाव, गाडीतली माणसं यांच्याविषयी कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही. एक जण काखेतून बॅटरी काढून तिला फुंकर घालत होता. दुसऱ्यानं तर मुळ्याचं लोणचं खाल्लेल्या हातानंच बॅटरीची पितळी टोकं पुसली आणि मग तो हात जिभेनं चाटला. हात्सुएनं मान फिरवली. सकाळच्या संडासात यांच्यापेक्षा बरी माणसं भेटली असती असं तिला वाटून गेलं.

गाडी येईना. पलीकडच्या फाटकाजवळ कुणीतरी रुळात उतरलंय, पोलीस आलेत, अशी बातमी शिड्यांवरून सरकत आली. वारा सुटला. हात्सुए दर थोड्या वेळानं कॅमेरा चालू करून बघायची, चालतोय ना, की बंद. परत चालू, परत बंद. भिंगाची नळी बाहेर यायची, आत जायची. चौथ्यापाचव्या वेळी नळी अर्धीच बाहेर आली आणि पडद्यावर लाल खूण लुकलुकून सगळं काळं झालं.

"गेली का?" वरून नुमाजिरी. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"दुसरी आहे," हात्सुए म्हणाली आणि तिनं झिपची पिशवी उघडली.

पुडी थंडगार होती. नुसती थंड नाही, दगड. आणि तिला चिकटलेली बॅटरी तर बर्फातून उकरून काढल्यासारखी. खाचेत घातली, खटका दाबला; पडदा उजळलासुद्धा नाही.

"हवाबंद केलंत?" नुमाजिरी शिडीवरून खाली वाकून बघत होता. "हवाबंद! अरे ऐका रे, हिनं कायरो हवाबंद पिशवीत ठेवली! आजी, ती पुडी हवेवरच तापते. हवा नाही तर ती मेली. शेवाळ आहे का ते?"

शिड्याच्या शिड्या हसल्या. हात्सुएच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. एवढं साधं आपल्याला कळू नये! आयुष्यभर त्या पुड्या वापरल्या, पाठीला लावल्या, बुटात घातल्या, आणि आज नेमका हा शहाणपणा सुचला. तिनं नकली बॅटरी काढली, जाकिटाची चेन ओढली, आत स्वेटर, आत बनियन, सगळ्याच्या आतून हात घालून बॅटरी सरळ काखेत, कातडीला लावून दाबून धरली. थंडीनं तिच्या तोंडून किंकाळीच फुटायची बाकी राहिली. मघाशी ज्याला बघून मान फिरवली होती, तेच आता आपण करतोय हे तिच्या लक्षात आलं. पण लाज कुणाची धरायची, यांची?

"काय करताय?"

"अंडं उबवतेय. बघतोस काय?"

वरचा आणखी हसला. मोज्यातली एक बॅटरी काढून तिच्याकडं धरावी असं त्याला क्षणभर वाटलं असेल-नसेल. तशीही ती हिच्या कॅमेऱ्याला बसली नसती. पण गरम पुडी? हवेवर छान तापलेल्या त्याच्याकडं चार तरी होत्या. एकही त्यानं खाली टाकली नाही.

लांबून भोंगा वाजला. एका झटक्यात सगळी बोलणी थांबली आणि मग आरडाओरड उठली. "आली! आली!" "डोकं खाली!" "निळी टोपी, सर ना मेल्या!" हात्सुएनं काखेतून बॅटरी काढली. कोमट होती, घामानं ओली. फडक्याला पुसली, खाचेत कोंबली. अडकली. अंगठ्यानं दाबली, बसली. खटका. नळी चर्र करत बाहेर आली, पडद्यावर बर्फ दिसलं, रूळ दिसले आणि वळणावर तो एकुलता डबा, तांबडा-पिवळसर, पुढं बर्फाचा भुगा उडवत. काचेमागं इसाकु. टोपी सरळ, डोळे सताड उघडे.

आणि मग इसाकुनं उजवा हात वर केला. पांढरा हातमोजा, बोट ताठ. त्याचे ओठ हलले.

"हात खाली!" मागून गर्जना झाली. "ए ड्रायव्हर, हात खाली घे! गाढवा, फोटो बिघडतोय! हात!"

हात्सुएनं बटण दाबलं. कॅमेऱ्यानं टिक असा आवाज केला आणि नळी तशीच बाहेर ठेवून तो मेला. पडदा काळा. गाडी तिच्यासमोरून खडखडत गेली, बर्फाचा भुगा तिच्या तोंडावर बसला. मागं बटणांची अजून कडकड चाललीच होती.

"आला का गं फोटो?" असं तिला कुणी विचारलं नाही. माणसं शिव्या देत होती. हातानं सगळी चौकट नासली. शेवटच्या दिवशी तरी अक्कल हवी. वर्षानुवर्षं वाट बघून हे मिळालं.

हात्सुए उठली. गुडघे गारठले होते. तिनं अभिमान बर्फात टाकला आणि नुमाजिरीच्या शिडीजवळ गेली. "भाऊ, तुझा आला ना? त्या काचेमागचा माणूस माझा नवरा आहे. मला फक्त त्याचा चेहरा हवाय. एक दे."

नुमाजिरी तिच्याकडं बघतच राहिला. पहिल्यांदाच जरा ओशाळला. "तुमचे... बरं. रात्री इंटरनेटवर माझ्या पानावर टाकतोच मी. मुलीला सांगा, तिथून घेईल." त्यानं पानाचं नाव सांगितलं. हात्सुएनं घरी जाईपर्यंत ते पुटपुटत पाठ केलं आणि चिनात्सुला फोन करून कळवलं.

घरी येऊन तिनं दोन्ही बॅटऱ्या चार्जरला लावल्या आणि समोर ठाण मांडून बसून राहिली. दिवा हिरवा झाला. कॅमेरा चालू केला. मांजराचा फोटो होता, गेल्या वर्षीच्या भोपळ्याचा होता. पुढं काही नव्हतं. टिक वाजलं होतं, पण फोटो जपून ठेवण्याएवढाही दम त्या काखेतल्या बॅटरीत उरला नव्हता. हात्सुएनं बटण पुढं दाबलं, मागं दाबलं. मांजर, भोपळा, मांजर.

संध्याकाळी एका सोबत्यानं मोटारीतून इसाकुला दारात सोडलं. हातात फुलांचा गुच्छ, अंगात जुनं तपकिरी जाकीट. टोपीशिवाय त्याचं डोकं लहान दिसत होतं. त्यानं बूट काढले, ओळीत लावले, आणि सवयीनं त्यांच्याकडं बोट करता करता हात खाली घेतला.

"घेतलं सगळं?" हात्सुएनं विचारलं.

"हातमोजेसुद्धा मोजून घेतले. तुझं काय? आला फोटो?"

"काही नाही आलं."

"हं," तो म्हणाला आणि जाकीट-स्वेटर काढून नुसत्या बनियनवर शेगडीपाशी बसला. ती सूप वाढत होती तेवढ्यात चिनात्सुचा फोन आला.

"आई! बाबांचे शेकड्यांनी फोटो आलेत! पाठवते, पण... तूच बघ."

हात्सुएनं फोन उघडला. गाडी, गाडी, गाडी. चकचकीत, बर्फाचा एकेक कण मोजता येईल असा. आणि काचेमागं टोपी होती, गणवेश होता, बिल्ला होता, हात होता. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. ओल्या रंगावर अंगठा फिरवावा तसा. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात चेहऱ्यावर पिवळा गोल चिकटवलेला. नुमाजिरीचा फोटो सगळ्यांत सुंदर होता. त्यात इसाकुच्या मानेवर एक गुळगुळीत, कातडीच्या रंगाचं अंडं बसवलेलं होतं. खाली लिहिलं होतं, चालकाचा मान राखण्यासाठी चेहरा झाकला आहे. मध्ये हात आला नसता तर वर्षातला सर्वोत्तम ठरला असता.

"मूळ फोटो माग त्याच्याकडं," हात्सुए फोनवर म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"मागितला गं. लगेच उत्तर आलं. मूळ पुसले म्हणे, एवढाच ठेवला. चेहरा झाकणं हा त्यांचा शिष्टाचार आहे म्हणाला."

"शिष्टाचार!" हात्सुएनं फोन असा आदळला की सुपाच्या वाट्या थरथरल्या. "दुसऱ्याच्या संडासाचा प्लग उपटतात, घाण करून वर पेला ठेवतात, लोकांच्या शेतात मुततात, झाडं कापतात, चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला गाढव म्हणतात, आणि घरी जाऊन याचं तोंड पुसतात! शिष्टाचार म्हणून! थू! तुमच्या बॅटऱ्या फुटोत मेल्यांनो, मोज्यातल्या मोज्यात फुटोत!"

इसाकु वाटीत बघत होता. "अगं, असू दे. गाडी छान आलीय."

"गाडी गेली खड्ड्यात!"

ती रडली असती, पण रागानं रडू येईना. तिनं फोन परत उचलला, नुसता चरफडायला, आणि एकेक फोटो पुढं सरकवू लागली. सगळ्यांत तोच हात. वर, ताठ, पांढरा. मग तिचा हात थांबला. बोट रुळाच्या दिशेला नव्हतं. सगळ्या फोटोंत ते खाली, डावीकडं, शेताकडं रोखलेलं होतं. तिनं या मार्गाच्या कडेला आयुष्य काढलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "त्या वळणावर सिग्नल कुठंय?"

"नाही."

"वेगाची पाटी?"

"ती पुलाजवळ."

"मग बोट कशाला दाखवलंत? आणि तोंड हललं तुमचं, मी बघितलंय. काय म्हणालात?"

इसाकुनं सूप संपवलं, वाटी खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते, थेट भिंतीवरच्या बापासारखे. "जे दिसतं ते म्हणायचं असतं. गुलाबी फडकं दिसलं."

"म्हणजे काय म्हणालात?"

तो बोट अर्धवट उचलून, शेगडीकडं बघत, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "हात्सुए, ठीक."

नळाला, दिव्याला, मांजराच्या वाटीला रोज लागणारं ते बोट तिच्याकडं कधी वळलं नव्हतं. तिनं नाक ओढलं. "ही शेगडी धूर करतेय," ती म्हणाली; शेगडी मुळीच धूर करत नव्हती. मग ती ताडकन उठली, चार्जरमधून पोट सुटलेली बॅटरी काढली आणि कॅमेऱ्यात कोंबली. घरातल्या उबेत ती पहिल्याच दणक्यात बसली.

"उभे राहा."

"अगं, काय आता! गणवेश गेला. हे बघ, बनियनला भोक आहे."

"असू दे. बोट करा आणि परत म्हणा. मोठ्यानं, तिथं म्हणालात तसं."

इसाकु उभा राहिला. हातमोजा नसलेलं, जाड, भेगाळलेलं बोट त्यानं सरळ तिच्यावर रोखलं. "हात्सुए, ठीक!" घरभर आवाज झाला, मांजर पळालं. तिनं बटण दाबलं. टिक. पडदा काळा झाला नाही. फोटो आला, राहिला.

दोघांनी डोकी जवळ नेऊन पाहिलं. भोकाचं बनियन, गळ्याशी सुटलेला धागा, आणि वर इसाकुचा चेहरा. डोळे सताड उघडे.

"हा नको लावूस हं भिंतीवर," इसाकु देव्हाऱ्याकडं, बापाच्या त्या वाकड्या मानेकडं बघत म्हणाला. "कपडे तरी बघ माझे."

"कपड्यांचं काय एवढं," हात्सुए म्हणाली, "ते चिकटवून देतात."